आठवड्यातून एक तास, दार लावून

एका मुख्याध्यापकांचा प्रश्न असा आहे: "पुण्यातल्या अनुदानित मराठी शाळेत जूनपासून मुख्याध्यापक झालो. पाचवी ते दहावी, ११०० मुलं. संस्थेने यंदा पहिल्यांदाच समुपदेशक नेमल्या, आठवड्यातून तीन दिवस येतात. त्रास देणारी, नापास होणारी मुलं मी त्यांच्याकडे पाठवतो. चार महिने झाले, फरक दिसत नाही. मुलं काय बोलली असं विचारलं तर सांगत नाहीत. शिक्षक म्हणतात, बाईंना गैरहजर शिक्षकांचे बदली तास द्या. हजेरी आणि निकाल सुधारायचा तर त्यांच्याकडून नेमकं काय काम करून घ्यावं?"

सर, पुण्यातल्या शाळांत समुपदेशक म्हणून मला यंदा १९ वर्षं झाली. या काळात चार शाळा झाल्या, सात मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केलं. माझ्या पहिल्या शाळेत दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही विचारला नाही. तुम्ही चौथ्या महिन्यात विचारताय, म्हणजे फार काही हातचं गेलेलं नाही.

तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. मुलं तुमच्याकडून बाईंकडे जातात, पण बाईंकडून तुमच्याकडे काहीच येत नाही. शिवाय बाईंशी अर्धा तास बोललेलं मूल पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याच वेळापत्रकात जाऊन बसतं. त्याच्या भोवतीचं काहीच हललेलं नसतं आणि आपण त्याच्या बदलण्याची वाट बघत राहतो. मुलाला कुठे बोचतंय हे समुपदेशकाला कळतं, पण वेळापत्रक, वर्ग, शिक्षक, शाळेची वेळ यांतलं काहीही बदलण्याचा अधिकार तिला नसतो. तो अधिकार तुमच्याकडे आहे, पण ते बोचणं तुमच्या खोलीपर्यंत पोचत नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या दोघांची गाठ कशी घालायची हा आहे.

एक उदाहरण सांगते. पर्वतीच्या पायथ्याजवळची दुपारची शाळा, साडेबारा ते सहा. नववीचे जादा तास सहा ते सात ठेवलेले. दिवाळीनंतर सहा मुली तासांना येईनाशा झाल्या, मग हळूहळू शाळेतच दांड्या पडू लागल्या. वर्गशिक्षकांचं मत एकच, अभ्यासाची आवड नाही. मुलींकडून प्रत्येक वेळी वेगळं कारण यायचं: डोकं दुखतं, आई कामाला जाते, धाकटा भाऊ एकटा असतो. मी सहाही जणींशी वेगवेगळी बोलले. तिसऱ्या-चौथ्या भेटीत एकेक करून तीच गोष्ट बाहेर आली. हिवाळ्यात सात वाजता मिट्ट अंधार असतो, घरी जायची वाट कालव्याच्या कडेने जाते आणि तिथे कठड्यावर काही पोरं बसलेली असतात. घरी का सांगत नाही, असं विचारलं तर उत्तर आलं, "सांगितलं तर शाळाच बंद करतील."

आता यात मी एकटी काय करणार होते? मुलींना धीर देणार? मी मुख्याध्यापक मॅडमना सांगितलं की नववीतल्या काही मुलींना संध्याकाळच्या वाटेची भीती आहे आणि घरी कळलं तर शिक्षण थांबेल अशी धास्ती आहे. मॅडमनी दोनच गोष्टी विचारल्या, किती जणी आणि कोणती वेळ. नावं त्यांनी तेव्हा विचारली नाहीत आणि नंतरही कधी विचारली नाहीत. पुढच्या सोमवारपासून जादा तास सकाळी सव्वाअकराला आले. दोन शिक्षकांनी कुरकुर केली, कारण त्यांना लांबून बस बदलून यावं लागायचं. मॅडमनी त्यांना आठवड्यातून एकेकच दिवस दिला. सहापैकी पाच मुली दहावीला बसल्या. एकीचं कुटुंब मधेच गावी परत गेलं. या सगळ्यात समुपदेशन म्हणावं असं माझं काम फार तर निम्मं होतं, उरलेलं निम्मं वेळापत्रकाने केलं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमच्या बाईंचं शिक्षण काय, त्यांना बसायला स्वतंत्र खोली आहे का, संस्थेने त्यांना नेमताना काय सांगितलं, यावर बरंच ठरेल. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे आणि तिथेही बहुतेक राज्यांत ती पाळली जात नाही. तुमच्याकडे ११०० मुलांमागे तीन दिवस आहेत. दिवसाचे सहा तास धरले तर आठवड्याला १८. तुम्ही चाळीस मुलं पाठवलीत तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून अर्धा तासही येणार नाही, आणि बाईंना पालक, शिक्षक, नोंदी यांना वेळ उरणार नाही तो वेगळाच. म्हणून सगळ्यांत आधी मुलं निवडायला शिकावं लागेल.

निवड कशी करायची? आपण सहसा सर्वांत जास्त आवाज करणारं मूल निवडतो. गप्प बसून हळूहळू शाळेतून निसटणारं मूल राहून जातं. फिलाडेल्फियातल्या सहावीच्या मुलांचा पुढे बरीच वर्षं माग काढणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा अर्धवट सोडणाऱ्यांची चाहूल सहावीतच लागते, असं त्यातून दिसलं. खुणा साध्या होत्या: ८० टक्क्यांपेक्षा कमी हजेरी, गणितात किंवा भाषेत नापास, वर्तनाचा वाईट शेरा. यातलं काहीही शोधायला चाचणी लागत नाही. तुमच्या हजेरीपत्रकात आणि घटक चाचणीच्या गुणतक्त्यात ते आजही पडलेलं आहे. अमेरिकेत १० टक्के दिवस बुडाले की ती काळजी करण्याजोगी गैरहजेरी मानतात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस धरले आहेत, म्हणजे २२ दिवस बुडाले की आपणही थांबून बघायला हवं. आपल्याकडे हजेरीची आठवण येते ती बोर्डाच्या ७५ टक्क्यांच्या अटीमुळे, दहावीच्या जानेवारीत. तोवर मूल मनाने शाळेबाहेर गेलेलं असतं.

म्हणून माझी पहिली विनंती: दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षकाने एकच कागद द्यावा. त्यात महिन्यात तीनपेक्षा जास्त दिवस न आलेली मुलं, दोन विषयांत मागे पडलेली मुलं, आणि ज्यांच्या वागण्यात अलीकडे बदल झाला ती मुलं, एवढंच असावं. तो कागद तुमच्या सहीने मागवा. समुपदेशकाने मागितला तर "बाई, वेळ झाला की देतो" होतं. तुम्ही मागितला तर येतो. यू-डायस, सरल, शालार्थ या सरकारी ऑनलाइन नोंदींनी शिक्षक आधीच बेजार आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून नवा तक्ता करू नका, साध्या वहीच्या पानावर लिहिलेलं चालेल.

कागद वाचताना पुण्याचं पंचांग डोळ्यासमोर ठेवा. श्रावणात आठवी-नववीची काही मुलं पहिल्या तासाला पेंगतात, कारण रात्री नदीपात्रात ढोलाचा सराव असतो. ते गणपतीनंतर आपोआप सुटतं, त्यावर समुपदेशकाचे तास घालवू नका. पण मार्केट यार्डाच्या घाऊक बाजारात वडिलांबरोबर पहाटे चारला उठून जाणारा मुलगा बारा महिने पेंगतो. माझ्या एका सकाळच्या शाळेत अशा मुलाला दर आठवड्याला पहिल्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं जायचं. एका रांगेत पेंगणारे दोघे असतील, पण दोघांची गोष्ट निराळी. हे वेगळं करून सांगणं हेच तर बाईंचं काम आहे, आणि त्या मुलाचा बुडालेला पहिला तास मधल्या सुट्टीनंतर कुणी भरून द्यायचा हे ठरवणं तुमचं.

आता "सांगत नाहीत" या तक्रारीकडे वळते, कारण नातं इथेच बिघडतं. दोन्ही बाजूंच्या चुका मी पाहिल्या आहेत. एका शाळेत एका मुलीने वडिलांच्या दारूबद्दल मला सांगितलं, मी ते मुख्याध्यापकांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळलं जात होतं. ती मुलगी परत माझ्याकडे आली नाही आणि तिच्या वर्गातल्या इतर कुणीही आलं नाही. त्यानंतर मी उलट टोकाला गेले. पुढच्या शाळेत वर्षभर कुणालाही काहीही सांगितलं नाही, प्रत्येक प्रश्नाला "गोपनीय आहे" हे एकच उत्तर. तिथल्या सरांना वाटलं, ही बाई शाळेत राहून शाळेपासून लपवते. त्यांचं चुकलं नव्हतं. मला दिसलेल्या कितीतरी गोष्टी त्या वर्षी कुणीच बदलल्या नाहीत.

यातून जे जमलं ते असं. मुलाचं नाव आणि त्याचे शब्द समुपदेशकाकडे राहतात. शाळेने काय करायला हवं ते मुख्याध्यापकांकडे जातं. "अमुकच्या घरी आईवडिलांचं पटत नाही" हे तुम्हाला कळण्याची गरज नसते. "आठवी ब मधल्या एका मुलाला दोन महिने गृहपाठात सूट हवी आणि पालकसभेत दोन्ही पालकांना एकत्र बोलावू नका" एवढं कळलं की पुरतं. पर्वतीच्या मॅडमनी नावं न विचारता तास हलवला, तो याच वाटेने. तुम्ही बाईंना "काय बोलला तो?" असं विचारायचं सोडून "शाळेने काय करू?" असं विचारून बघा. उत्तर मिळायला लागेल.

अपवाद मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि मुलांनाही सांगून ठेवा. मूल स्वतःच्या जिवाला काही करण्याचं बोललं, कुणाला इजा करण्याचं बोललं, किंवा त्याच्यावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर गुपित राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंतची कैद आहे. "आधी संस्थेला विचारू, आधी खात्री करू" याला इथे जागा नाही. खात्री करणं पोलिसांचं काम आहे. आपण मुलाला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावायचं नाही, एवढं मात्र आपल्या हातात आहे. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा क्रमांक जिन्याशेजारी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

शिस्तीबद्दल माझं मत ठाम आहे. वर्गातून हाकललेलं मूल थेट समुपदेशकाकडे पाठवू नका. एका शाळेत मुलं माझ्या खोलीला "दुसरं ऑफिस" म्हणायची. मारामारी झाली, शिवी दिली, मोबाइल सापडला की माझ्याकडे. त्यामुळे स्वतःहून दार ठोठावणाऱ्या मुलाकडे इतर जण "याने काय केलं?" अशा नजरेने बघायचे. मग कोण येणार? चुकीची दखल पर्यवेक्षकांनी आणि तुम्ही घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, त्या चौकटीत घ्या. ते निपटल्यावर दोन दिवसांनी, शांतपणे, बाईंनी त्या मुलाला भेटावं. हे दोन दिवसांचं अंतर छोटं वाटतं, पण त्यानेच खोलीचा अर्थ बदलतो.

बदली तासांचं म्हणाल तर शिक्षकांचं म्हणणं मला कळतं. ते सलग तास घेऊन दमलेले असतात आणि बाई खोलीत एका मुलाशी बोलत बसलेल्या दिसतात. पण बदली तासाला बसवलेल्या समुपदेशकाच्या दारात त्याच वेळी एखादं मूल येऊन परत जातं, ते कुणाला दिसत नाही. अमेरिकेतल्या त्याच संघटनेचं म्हणणं आहे की समुपदेशकाचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या थेट किंवा त्यांच्यासाठीच्या कामात जावा. आपल्याकडे इतकं काटेकोर जमणार नाही. तरी बाईंना वेळापत्रकात स्वतःचे तास द्या. प्रत्येक तुकडीला महिन्यातून एक, ठरलेल्या विषयावर: अभ्यास कसा करायचा, राग, मैत्री, परीक्षेची भीती, वयात येणं. ११०० मुलांना त्यांचा चेहरा ओळखीचा होण्याचा दुसरा मार्ग नाही. शिक्षकांच्या बैठकीत ही गोष्ट बाईंनी मांडायची नाही, तुम्ही मांडायची.

इथे एक पुणेरी अडचण आहे. आपल्या शहरात अभिक्षमता चाचण्यांची, म्हणजे मुलाचा कल आणि क्षमता तपासण्याची, जुनी परंपरा आहे. ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेची स्थापनाच १९६२ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या अप्पा पेंडसे यांनी केली. त्यामुळे बऱ्याच पालकांच्या लेखी समुपदेशक म्हणजे दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी ते सांगणारी व्यक्ती. ते काम चांगलंच आहे, पण तुमच्या बाईंचे १८ तास त्यात संपवू नका.

नववी आणि दहावीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण निकालाचा प्रश्न तुम्हीच काढला आहे.

वाचताना अक्षरं उलटसुलट होणारी, तोंडी सगळं येणारी पण लिहिताना अडणारी मुलं तुमच्याही शाळेत असणार. त्यांना आळशी म्हटलं जातं. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांपैकी एक म्हणून नोंदलेली आहे. बोर्ड अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि इतर सवलती देतं. पण त्यासाठी तपासणी, सरकारी प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाणारा प्रस्ताव लागतो. प्रमाणपत्राच्या रांगेत महिने जातात. पालक आधी मान्य करत नाहीत, त्यात आणखी महिने जातात. म्हणून ही साखळी आठवीत सुरू व्हावी: शिक्षकाची शंका, बाईंची प्राथमिक पडताळणी, पालकांशी बोलणं. पालकांशी बोलताना तुम्ही स्वतः दहा मिनिटं बसा. "आमच्या पोराला वेडं ठरवता का?" असा राग बाईंवर निघतो, पण मुख्याध्यापक शेजारी बसून म्हणाले की "हुशार आहे म्हणूनच तपासून घेऊ", तर बाप ऐकतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट कडू आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलांना दाखला घ्यायला किंवा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला सुचवण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. तुमच्याकडे आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्यावर तसा दबाव येईल, आणि त्या दिवशी तुमच्या बाई मुलाच्या बाजूने उभ्या राहतील. त्यांना त्यासाठीच नेमलेलं आहे. तेव्हा त्यांना शाळेच्या विरोधात गेलेल्या समजू नका. त्यांच्याकडे त्या मुलाचा दोन वर्षांचा इतिहास असेल. तो ऐका आणि मग तुमचा निर्णय घ्या. मतभेद होतील. माझे एका सरांशी वर्षभर झाले. तरी आमचा शनिवारचा तास चुकला नाही, आणि त्या वर्षी शाळेतून काढायच्या यादीतल्या चौघांपैकी तिघं शाळेतच राहिले.

तो शनिवारचा तास म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. आठवड्यातून एक ठरलेला तास, दार लावून, मोबाइल बाजूला, शिपाईमामांना सांगून की कुणाला सोडू नका. आधी वर्गशिक्षकांच्या कागदावरची नावं: कोणाला बाईंनी भेटायचं, कोणाला वर्गशिक्षकच पुरेसे आहेत, कोणाच्या घरी जायला हवं. मग बाईंना त्या आठवड्यात दिसलेलं, नावं न घेता: एकच तक्रार तीन वेगवेगळ्या मुलांकडून आली का, एखाद्या वर्गात किंवा एखाद्या वेळी काही बिनसतंय का. शेवटी मागच्या शनिवारी तुम्ही जे करतो म्हणालात ते झालं का. हा शेवटचा भाग टाळू नका, कारण बाई तुम्हाला हिशोब मागू शकत नाहीत, तुम्हीच तो द्यावा लागतो. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून एक पानभर लिहून सही करावी: त्यांची कामं, त्यांची नसलेली कामं, गुपिताचे अपवाद, आणि यंदा कोणते दोन आकडे हलवायचे. दोनच. उदाहरणार्थ सातवीची हजेरी आणि नववीत गणितात नापास होणाऱ्यांची संख्या. चार महिन्यांत निकाल हलत नाही, पण हजेरी हलते. ती आधी बघा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमण्याचे निर्देश दिले. त्याच निर्देशांत गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांना चारचौघांत अपमानित करू नये असंही आहे. संस्थेच्या बैठकीत तुम्हाला बाईंचे तीन दिवस पाच करून हवे असतील, तर हा आधार हाताशी ठेवा.

सुरुवात कशी करावी म्हणाल, तर येत्या शनिवारी बाईंना बोलावून मुलांबद्दल काहीच विचारू नका. "चार महिन्यांत आपल्या शाळेत तुम्हाला काय दिसलं?" असं विचारा आणि वही उघडून बसा. पहिली दहा मिनिटं त्या बहुधा सगळं ठीक आहे असंच म्हणतील. तुम्ही उठू नका.